पाळक येईपर्यंतचे रविवार

प्रश्न : आमची इंदूरची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. आजोबा-पणजोबा गिरण्यांत, रेल्वेत, महूच्या छावणीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. आमचे पाळकसाहेब (पास्टर) मागच्या वर्षी बदलून गेले. तेव्हापासून पाहुणे पाळक येतात. कधी महिन्यातून एकदा, कधी दीड-दोन महिने कोणीच नाही. पाळक असले की पस्तीस-चाळीस माणसं जमतात, नसले की आठ-दहा. कमिटीने मला सचिव केलंय, त्यामुळे त्या रविवारी उपासना मीच कशीबशी चालवते. काही जण म्हणतात, मराठी उपासना बंद करून हिंदी मंडळीत जाऊ. दोन घरं उघड म्हणतात, बाईमाणसाने पुढे उभं राहू नये. मागच्या पावसाळ्यात आमच्या एक आजी प्रभूकडे गेल्या, तेव्हा मातीला पाळक मिळाले नाहीत. लोकांचा धीर सुटत चाललाय आणि खरं सांगायचं तर माझाही. या मंडळीला धीर कसा द्यावा?
– एक बहीण, इंदूर

प्रिय ताई,

सलाम.

मातीचं आधी बोलते. तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीत, पण मंडळीचा धीर तिथेच सुटला असावा असं मला वाटतं. रविवारी पाळक नसले तर माणूस घरी बसतो, कुरकुरतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. पण आपल्यातल्या एका आजींना पोचवायला पाळक मिळाले नाहीत हे डोळ्यांनी पाहिलं, की सत्तरी ओलांडलेला प्रत्येक जण मनात विचारतो, माझ्या वेळी कोण असेल? मग घरात हिंदी मंडळीचा विषय निघतो. त्यामागे भाषेचा कंटाळा कमी आणि ही भीती जास्त असते. म्हणून उपासना कशी चालवावी हे ठरवण्याआधी ही भीती घालवा.

आपल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दफनविधी दीक्षित पाळकानेच करावा असं बंधन नसतं. प्रभुभोजनाला आणि बाप्तिस्म्याला पाळक लागतात. मातीला मंडळीतले नेमलेले वडील (एल्डर) उभे राहू शकतात. तुमची मंडळी ज्यांच्या देखरेखीखाली आहे त्यांना दोन माणसांची नावं कळवा आणि लेखी परवानगी मागून घ्या. वेळ आल्यावर फोन करण्यात अर्थ नाही, परवानगी आत्ताच मागा. दोघांपैकी एक बाई असावी. मग विधीचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून काढा : स्तोत्र २३, योहान १४, पहिलं करिंथ १५ मधला पुनरुत्थानाचा भाग, प्रार्थना, माती देतानाचे शब्द, आणि दोन गीतं सगळ्या कडव्यांसकट. त्याच्या प्रती तीन घरांत ठेवा. ज्यांची नावं दिलीत त्या दोघांनी एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बसून तो क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा. हे टाळू नका. समोर आईसाठी रडणारी मुलगी उभी आहे, खड्ड्यात पेटी उतरतेय, अशा वेळी ते शब्द आयुष्यात पहिल्यांदा उच्चारायचे म्हटलं तर भल्याभल्यांच्या तोंडून आवाज फुटत नाही. घरी दोनदा वाचलेलं असलं तर आवाज कापला तरी थांबत नाही.

त्याच कागदाच्या मागे व्यवहाराचं लिहा. कब्रस्तानाची वही कोणाकडे असते, खड्ड्यासाठी कोणाला फोन करायचा, शवपेटी कुठे मिळते, एकूण पैसे किती लागतात, गरीब घर असेल तर मंडळीच्या पेटीतून किती द्यायचे. हे सगळं झालं की एका रविवारी पुढे उभं राहून सरळ सांगा : "आपल्यापैकी कोणाच्याही घरी दुःख आलं तर या दोन नंबरांवर फोन करा, दिवसा किंवा रात्री. पाळक मिळाले तर उत्तमच, नाही मिळाले तरी आपल्या माणसाला प्रार्थनेशिवाय माती दिली जाणार नाही." मागच्या बाकावरच्या आजी हे ऐकून मान हलवतील. त्यांना पुढच्या रविवारी यायला हेच कारण पुरेल. आणि मागच्या पावसाळ्यात ज्यांच्या आजी गेल्या त्यांच्या घरी एकदा जा. वर्षश्राद्धासारखं काही आपल्यात नसलं तरी आठवणीची प्रार्थना करता येते. पुढचे पाहुणे पाळक येतील तेव्हा त्यांना घेऊन कबरीवर जा. त्या घराचं काहीतरी राहून गेलंय, ते पुरं होऊ दे.

लग्नाचं मात्र वेगळं आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने ज्यांना अधिकार दिलाय त्यांनीच लग्न लावायचं असतं. म्हणून हॉल ठरवण्याआधी पाळकांची तारीख घ्या, एवढं घरोघर सांगून ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. धीर कसा द्यावा?

बायबलमधल्या थेस्सलनीकाच्या मंडळीचं उदाहरण मला तुमच्याजवळचं वाटतं. प्रेषित पौल तिथे तीन शब्बाथ सभास्थानात शास्त्रावरून बोलला, मग शहरात दंगल उसळली आणि रातोरात त्याला बिरुयाला निघावं लागलं. मागे राहिली ती अगदी कोवळी मंडळी, डोक्यावर छळ, आणि पाळक नाही. पौलाचा जीव तिच्यात अडकलेला होता. स्वतःला जाता येईना म्हणून त्याने आपला सोबती तीमथ्य याला पाठवलं, तो चांगली बातमी घेऊन आल्यावर पत्र लिहिलं. त्या पत्राचा पाचवा अध्याय कमिटीत वाचा. अल्पधीरांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा, असं तो सांगतो. कोणाला सांगतो? 'बंधूंनो' म्हणून साऱ्या मंडळीला. मी येईपर्यंत थांबा, तीमथ्य पुन्हा आला की तो धीर देईल, असं त्यात कुठेच नाही. ताई, धीर देणं हे पाळकांचं काम आहे आणि ते नसताना सचिवाने त्यांच्या जागी ते करायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून तुम्ही थकलात. हे काम पहिल्यापासून सगळ्यांचं आहे. ते वाटून द्या.

वाटून द्यायचं म्हणजे कसं, ते इतिहासात फार सुंदर दिसतं. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६४४ मध्ये तिथला अखेरचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत एकही धर्मगुरू नव्हता. तिथल्या शेतकऱ्या-कोळ्यांनी कामं वाटून घेतली होती. एक जण सणावारांची दिनदर्शिका सांभाळायचा, एक जण बाप्तिस्मा द्यायचा, एक जण घरोघर निरोप पोचवायचा. १८६५ च्या मार्चमध्ये उराकामीची काही माणसं नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये गेली आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाली, तुमचं आणि आमचं हृदय एकच आहे. सात पिढ्या गेल्या तरी मंडळी जिवंत होती. बाप्तिस्म्याचं काम तुम्हाला करायची गरज नाही, पाळक येणार आहेत. पण दिनदर्शिका सांभाळणारा आणि निरोप पोचवणारा ही दोन माणसं आजच नेमा.

दिनदर्शिकेवाल्याने पुढच्या तीन महिन्यांचे रविवार एका तक्त्यावर लिहून चर्चच्या दाराशी लावावेत. प्रत्येक रविवारापुढे वाचन कोणाचं, प्रार्थना कोणाची, गीतं कोण काढणार, दार कोण उघडणार ही नावं असावीत. ज्याचं नाव भिंतीवर आहे तो सहसा घरी बसत नाही. आणि पाळक येणार असलेल्या रविवारासमोर वेगळ्या रंगाची खूण करू नका. लोक ती खूण पाहूनच यायचं की नाही ते ठरवतात.

निरोप पोचवणाऱ्याचं काम जास्त नाजूक आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला त्यांनी साधारण बारा-बारा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची असं ठरवलं. घरोघर फिरताना प्रमुखांना कळायला लागलं की कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळलंय, कोणाच्या घरात बोलणं बंद आहे. फेरी पैशांसाठी सुरू झाली होती, ती माणसांसाठी चालू राहिली. तुमच्या मंडळीतही कोणीतरी असेल ज्याला लोक घरात घेतात. बहुधा ती एखादी मावशी असते, कमिटीत नसलेली. तिला सांगा, जो रविवारी दिसला नाही त्याच्याकडे बुधवारपर्यंत जाऊन यायचं. "का आला नाहीत" असं मुळीच विचारायचं नाही. बरं आहे ना, प्रार्थनेत काय मागू, एवढंच. आणि जे कळेल ते प्रार्थनेपुरतंच सांगायचं. यात ती मावशी पक्की हवी.

रविवारच्या उपासनेबद्दल माझं मत ठाम आहे. पाळक असल्यासारखी उपासना करायचा प्रयत्न सोडून द्या. मंडळीत एखादे चांगले बोलणारे गृहस्थ असतात, दर रविवारी संदेश त्यांच्याकडे जातो, आणि तीन महिन्यांत अर्धी मंडळी त्यांच्या बाजूची नि अर्धी विरुद्ध होते. मोठ्या वक्त्याचा संदेश टीव्हीवर लावू नका. तो घरी पलंगावर बसूनही ऐकता येतो, मग बस बदलून यायचं कशाला? त्याऐवजी मार्ककृत शुभवर्तमान सलग वाचायला घ्या. सोळा अध्याय आहेत, रविवारी एक. अध्याय वाचून झाला की थोडा वेळ शांत बसा, मग ज्याला जे भिडलं ते त्याने दोन वाक्यांत सांगावं. उपदेश करायचा नाही, दुसऱ्याचं खोडायचं नाही.

पाचवा अध्याय घ्या. तो तीन-चार जणांत वाटून वाचा. याईराचं बोलणं एखाद्या बापमाणसाने वाचावं, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या बाईचा भाग एखाद्या बाईने, बाकीचं कॉलेजातल्या पोराने. याईर लेकीसाठी घाईत आहे आणि येशू वाटेत एका बाईसाठी थांबतो. तेवढ्यात मुलगी गेल्याची बातमी येते. मग येशू घरी जातो, मुलीचा हात धरून तिला उठवतो, आणि शेवटी काय सांगतो? हिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला आणि त्याला पोरीच्या भुकेची आठवण आहे! या ओळीवर तुमच्या मंडळीतली एखादी आजी काहीतरी बोलेल, तिच्या स्वतःच्या आजारी पोराचं, रात्रभर जागून सकाळी त्याने भात मागितला त्या दिवसाचं. तेवढं बोलणं त्या रविवारी पुरे. तोच संदेश.

मुलांना वाचायला लावा. इंदुरातली पोरं हिंदी माध्यमात शिकली तरी त्यांची लिपी तीच आहे, मराठी शास्त्र त्यांना वाचता येतं. चुकली तर मध्येच टोकू नका.

गाण्यासाठी ऑर्गन नाही, क्वायर नाही म्हणून लोक खंतावतात. नारायण वामन टिळकांनी आपली भजनं ओवी-अभंगाच्या वळणावर रचली, ती काही ऑर्गन डोळ्यांसमोर ठेवून नव्हेत. एकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी उचलावी, एक पेटी नि झांजांचा एक जोड असला की आठ माणसांतही ती भरून येतात. चार आवाजांत म्हणायची इंग्रजी चालीची गीतं आठ जणांत केविलवाणी होतात. ती पाळक येतात त्या भरलेल्या रविवारासाठी ठेवा.

आणखी एक. उपासनेच्या सुरुवातीला "आज पाळकसाहेब नाहीत, तरी आपण..." असं म्हणायची सवय असेल तर आजपासून बंद. आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात कळतं की आपण उणं काहीतरी घ्यायला आलोय. वेळ तीच, अर्पण तसंच, दोघांनी मोजून वहीत सही करायची पद्धत तीच. नंतर पोहे-जिलेबी असतील तर त्या रविवारीही असू देत. माझं तर म्हणणं आहे त्या रविवारी जरा जास्तच आणा.

त्या दोन घरांबद्दल. बायबलमध्ये फिलिप्पैच्या मंडळीची सुरुवात लुदिया या बाईच्या घरून झाली. नुंफेच्या घरी मंडळी जमायची. अपुल्लोसासारख्या विद्वानाला प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला या दोघांनी आपल्या घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हे सगळं त्यांनाही ठाऊक असेल, तेव्हा वचनांची लढाई करू नका. तक्त्यावर त्या घरांतल्या पुरुषांची नावं घाला, स्तोत्र वाचायला, अर्पण फिरवायला, प्रार्थना करायला. तुम्ही एकट्याच दर रविवारी पुढे दिसता हे त्यांच्या डोळ्यांत खुपतंय की बाई दिसते हे खुपतंय, ते दोन महिन्यांत आपोआप कळेल. पहिलं असेल तर प्रश्न मिटेल. दुसरं असेल तर तुमचं नाव तक्त्यावर इतरांसारखंच येत राहू दे, आणि तुमची पाळी आली की तुम्ही उभ्या राहा.

हिंदी मंडळीशी वैर नको. तुमच्या शहरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचं काम १८७७ पासूनचं, शहरातल्या कितीतरी मंडळ्यांची मुळं तिथे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांच्या पाळकांना अडीअडचणीला हाक मारा, उत्तम शुक्रवारची उपासना एकत्र करा. पण मराठी उपासना बंद करू नका. माणूस नोकरी हिंदीत करतो, बाजार हिंदीत करतो, पण इस्पितळाच्या खाटेवर "हे आमच्या स्वर्गातील पित्या" हेच त्याच्या तोंडी येतं. ज्यांना ते शब्द लागतात ती माणसं अजून तुमच्या मंडळीत आहेत. ती असेपर्यंत बंद करायचा विचारही कमिटीत घेऊ नका. प्रेस्बिटेरियन परंपरेत एल्डर लोकांकडे मंडळीची देखरेख पाळकांच्या बरोबरीने असते. तुमच्यातले जे वडील म्हणून नेमलेले आहेत आणि नुसतेच पुढच्या बाकावर बसतात, त्यांना या जबाबदारीची एकदा स्पष्ट आठवण करून द्या.

पाहुणे पाळक येतात तो दिवस नीट वापरायला हवा. रात्रभर गाडीत बसून माणूस सकाळी इंदूरला उतरतो, उपासना होते, मग सर्वांत मोठ्या घरी जेवण, फोटो, आणि संध्याकाळची गाडी. असं होत असेल तर थांबवा. ते येण्याच्या आठ दिवस आधी एक पान लिहून पाठवा : आजारी कोण, नुकतं कोण गेलं, बाप्तिस्मा कोणाचा राहिलाय, आपण मार्कचा कितवा अध्याय वाचतोय. त्यांना पुढचाच अध्याय घ्यायची विनंती करा, म्हणजे त्यांचा संदेश तुमच्या वाचनाला जोडला जाईल. दुपारी जेवण साधं, कुणाच्याही घरी, आणि नंतर जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन जायचं. तुम्ही किंवा ती मावशी बरोबर असा, घरं दाखवायला आणि नावं सांगायला. गाडीभाडं आणि मानधन कमिटीने ठरवून ठेवलेलं असावं, खजिनदाराने ते जेवणाआधीच पाकिटात द्यावं. त्या दिवशीच्या अर्पणावर ते अवलंबून ठेवू नका. त्यात पाळकांचाही मान राहत नाही आणि मंडळीचाही.

आणि तुलना तोडा. हे छान बोलतात, ते लांबवतात, आधीचे किती प्रेमळ होते. करिंथच्या मंडळीने हेच केलं होतं, कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा. पौलाने त्यांना सांगितलं, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा देव. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाळकाने थोडं थोडं पाणी घातलंय. बदलून गेलेल्या पाळकसाहेबांना नाताळचं शुभेच्छापत्र जरूर पाठवा, पण मंडळीतल्या वादात त्यांना फोन करून मत विचारू नका. नव्याने येणाऱ्या माणसाला मग इथे उभं राहायला जागा उरत नाही.

तुमचा स्वतःचा धीर सुटतोय असं तुम्ही लिहिलंत. तक्त्यावर महिन्यातला एक रविवार तुमच्या नावाशिवाय ठेवा. त्या दिवशी कमिटीची वही घरी ठेवून या, मागे बसा आणि नुसतं ऐका. कोणी अडखळलं तरी उठायचं नाही. आणि चर्चची दुसरी किल्ली करून कुणाला तरी द्या, म्हणजे तुम्हाला ताप आला तर दार बंद राहणार नाही.

घाई एका गोष्टीची आहे. नाताळासाठी पाळकांना सगळीकडून बोलावणं येतं. २५ डिसेंबर मागाल तर बहुधा नकार येईल. आगमनकालाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतला, एखादा रविवार मागा, प्रभुभोजन त्या दिवशी ठेवा, आणि २५ ची सकाळ तक्त्यावर मंडळीच्या नावे लिहून टाका. लूक २ कोण वाचणार ते पोरांना आजच सांगा, त्यांना पाठ करायला वेळ मिळेल. पत्र याच आठवड्यात टाका.

तुमची,
ताई